गोणपाटावरची रिकामी जागा

फार मागं, आपल्या पणज्यांच्याही पणज्या परकरात होत्या तेव्हा, नदीच्या वळणावर एक मोठं शहर होतं. दिवसा तिथं माणसाला माणूस घासायचा. पण दिवेलागण झाली, की ज्याला घर तो घरात जायचा, कडी लागायची, आणि ज्याला घर नाही तो रस्त्यावर राहायचा.

त्या शहराच्या राणीनं एक चांगली रीत घातली होती. शंकराच्या देवळातला गुरव, दर्ग्याचा मुजावर आणि विहारातली भिक्खुणी, या तिघांत मिळून तिनं एक कंदील दिला होता. ज्याची पाळी, त्यानं रात्री तो घेऊन शहरभर फिरायचं, उघड्यावर निजलेल्यांची विचारपूस करायची. ‘तुझा देव कोणता?’ असं आधी विचारायचं. आपला असला तर दोन शब्द बोलायचे, अंगारा लावायचा. दुसऱ्याचा असला तर दुसऱ्या दिवशी त्याला निरोप द्यायचा.

गुरव पायाचा मोठा चपळ. मुजावराला अर्धं शहर फिरता फिरता उजाडायचं, भिक्खुणी तर एखाद्याशीच बसून राहायची. गुरव मात्र सगळे बाजार, सगळे घाट पालथे घालून पहाटेच्या पूजेला देवळात हजर. त्याचा त्याला अभिमान होता. असतो माणसाला.

कापूसबाजाराच्या कमानीखाली एक म्हातारी बसायची. उभा जन्म तिनं लोकांच्या गोधड्या शिवल्या. डोळे गेले तशी सुई गेली, आणि सुईमागून माणसं गेली. आता तिच्यापाशी एक गोणपाट होतं आणि चिंध्यांचं एक गाठोडं.

आश्विनातल्या एका रात्री गुरव तिच्यापुढं उभा राहिला. कंदील वर धरून म्हणाला, “आजी, तुझा देव कोणता?”

म्हातारीनं गोणपाटाचा अर्धा भाग हातानं झाडला. म्हणाली, “सांगते की. लांबची गोष्ट आहे. बस जरा.”

गुरवाला अजून चार बाजार बाकी होते. “येतो हं, आजी,” तो म्हणाला, आणि निघाला.

आता तुम्हीच सांगा, आपल्यात निघताना ‘जातो’ कुणी म्हणतं का? म्हटलं तर घरची बाई तोंडावर हात ठेवते. माणूस ‘येतो’च म्हणतो. गुरवही तेच म्हणाला, आणि पुढच्या वळणावर विसरला.

त्याची पाळी पुन्हा आली, तेव्हा तो तिला नुसतं “काय आजी, बरं आहे ना?” विचारून चालता चालता पुढं गेला. मग वाटलं, हिचा देव मुजावराचा नाहीतर भिक्खुणीचा असेल, बघतील ते. ते दोघं यायचे, बसायचे, तिचं पाणी भरून द्यायचे. पण देवाचं विचारलं की म्हातारी म्हणायची, “ती गोष्ट गुरवाची ठेवलीय.”

पौष लागला आणि अशी थंडी पडली की नदीवरून धूर निघाल्यासारखं दिसे. राणीनं धर्मशाळा उघडली, शेकोट्या पेटवल्या, उघड्यावरच्या सगळ्यांना आत घ्यायला सांगितलं. त्या रात्री पाळी मुजावराची होती. त्यानं पांगळ्याला पाठीवर घेतलं, भित्र्याला बोटाला धरलं. कमानीखाली आला तर म्हातारी जागची हलेना.

“चल, आजी. इथं सकाळपर्यंत गोठशील.”

“मी नाही यायची. गुरव येतो म्हणालाय. मी हलले तर तो शोधील कुठं मला?”

“कधी म्हणाला?”

“आश्विनात.”

मुजावरानं कंदील खाली धरला. म्हातारीच्या शेजारी गोणपाटाचा अर्धा भाग स्वच्छ झाडलेला होता. थंडीतसुद्धा तिनं तो अंगावर ओढून घेतला नव्हता. तीच पुढं म्हणाली, “इतके दिवस आला नाही, म्हणजे आजारी असेल रे बिचारा. जरा बघून येशील?”

मुजावरानं आपली शाल तिच्यावर टाकली आणि गुरवाचं दार वाजवलं.

“मुजावरभाऊ, एवढ्या रात्री?”

“कमानीखालच्या आजीला तुम्ही ‘येतो’ म्हणालात का?”

गुरव आठवत राहिला. मग हसला. “अहो, ती बोलायची रीत झाली.”

“रीत खरी, गुरवबुवा. पण ज्याच्याकडं सारखं कुणी ना कुणी येतं, त्याच्यापाशी ती रीत. आम्ही दोघं सोडले तर तिच्याकडं दुसरं कोण येणार होतं?”

मुजावर कंदील घेऊन पुढच्या माणसांकडं गेला. गुरव उंबऱ्यात जरा उभा राहिला. मग घोंगडी घेतली आणि कुंभारआळीच्या जवळच्या बोळानं धावतच निघाला.

कमानीखाली कुणी नव्हतं.

गाठोडं होतं, गोणपाट होतं, झाडलेली जागा होती. गाठोडं इथं म्हणजे येईलच परत, असं म्हणून गुरव त्या जागेवर बसला. कंदील नव्हता. अंधारात पाऊल वाजलं की तो मान वर करी. पाऊल यायचं, जवळून जायचं, विझायचं.

गस्तीचा शिपाई आला. “कोण आहे?”

“मी. देवळातला गुरव.”

“बुवा, तुम्ही इथं? देवानं घराबाहेर काढलं की बायकोनं?”

“एकीची वाट बघतोय.”

“बसा बसा. एवढी फेरी मारून येतो, मग गप्पा मारू.”

गुरवाला बरं वाटलं. तो शिपायाची वाट बघू लागला. एक प्रहर गेला. दुसरा गेला. शिपाई काही आला नाही. कोपऱ्यावरचं कुत्रं मात्र येऊन त्याच्या पायाशी निजलं. गुरवानं त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं, की रात्र किती लांब असते. चालणाऱ्याला ती कळत नाही.

उजाडताना भिक्खुणी आली. “गुरवबुवा, आजी तुमच्या देवळाच्या पायरीवर सापडली. मोठ्या रस्त्यानं चाचपडत गेली होती. बंद दार वाजवत होती, पण तुमचं घर मागं. तिला धर्मशाळेत नेलंय. मूठ उघडत नव्हती. उघडली तर आत सुंठेचा तुकडा. तुमच्यासाठी म्हणाली, थंडीनं आजारी असाल म्हणून.”

गुरव शेकोटीपाशी गेला. म्हातारीच्या डोळ्यांना तो दिसला नाही, पण पाऊल ओळखलं. “आलास?” एवढंच म्हणाली. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

तो रोज बसला. पण गोष्ट सांगण्याइतका दम आता तिच्यात उरला नव्हता. संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी तिनं त्याचा हात चाचपला आणि सवयीनं म्हणाली, “येते हं मी.”

आणि गेली.

धर्मशाळेच्या कारभाऱ्यानं विचारलं, “हिचा देव कोणता? हिला कुणाच्या हवाली करू?” मुजावरानं भिक्खुणीकडं पाहिलं, भिक्खुणीनं गुरवाकडं. गुरव म्हणाला, “मी विचारलं होतं. उत्तर ऐकायला थांबलो नाही.” मग तिघांनीही तिला खांदा दिला. चौथा खांदा त्या गस्तीच्या शिपायाचा.

त्यानंतर गुरवाचं एका रात्रीत सगळं शहर कधीच झालं नाही. दोन आळ्या झाल्या तरी पुष्कळ. उठताना तो म्हणे, “आज इतकंच, दादा,” आणि परत यायचं असलं तरच ‘येतो’. पहाटे मात्र कापूसबाजाराच्या कमानीखाली तो गोणपाट अंथरी, अर्ध्यावर बसे आणि अर्धं झाडून ठेवी. ‘येते’ म्हणून गेली होती ना ती.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, परत यायचं असेल तरच ‘येतो’ म्हणावं. ज्याला घर नसतं, तो दिलेल्या शब्दातच राहत असतो.