हातचं पाणी

बोरदऱ्याच्या माळावर मिशनची नर्सिंगची शाळा आहे आणि शाळेला लागूनच दवाखाना. तिथल्या बायकांच्या वॉर्डाच्या दारात, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला एक मातीचा रांजण दिसतो. वर लाकडी झाकण, झाकणावर उपडी पितळी वाटी, भिंतीच्या खुंटीला लांब दांड्याचं ओगराळं. पाणी असं थंड की उन्हातून आलेल्या माणसाचा जीव गार व्हावा. पण पाहुण्यांनो, तहान लागली म्हणून लगेच वाटीला हात घालू नका. या रांजणाचं पाणी कुणी आपल्या हातानं घेऊन पीत नाही. मोठे डॉक्टर असोत की बिशपस्वामी, दारात येऊन उभं राहायचं आणि दुसऱ्या कुणी दिलं की प्यायचं. कुणीच नसलं तर वाट पाहायची.

दरवर्षी नव्या भरती झालेल्या पोरींची पहिली फजिती इथंच होते. वरच्या वर्गातल्या पोरी मोठ्या मायेनं म्हणतात, "दमलीस गं, जा, रांजणाचं पाणी पिऊन ये." ती बिचारी जाते, वाटी भरते, तोंडाला लावते, आणि खांबाआडून खसखस पिकते. मात्र जी सर्वांत जास्त हसली असेल, तिनंच मग त्या नवीला शेजारी बसवून तेक्लाची गोष्ट सांगायची, असा दंडक आहे. गोष्ट संपेपर्यंत कुणी हसत नाही.

असं सांगतात की इंग्रजांच्या अमदानीत, शाळा नुकती सुरू झाली होती तेव्हा, तेक्ला पगारे नावाची मुलगी इथं शिकायला आली. तिचे वडील वाडीवस्तीवर फिरून प्रार्थना शिकवायचे, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत. घर गावकुसाबाहेरचं. शाळेतल्या बहुतेक पोरी तशाच घरांतल्या होत्या. पहाटेच्या घंटेला उठावं, मिस्सा म्हणजे चॅपलमधली उपासना ऐकावी, वॉर्ड धुवावा, खाटांच्या चादरी कोपरे मोडून ताणून बसवाव्यात, आणि भाताच्या पेजेत सिस्टरांच्या टोप्या खळ घालून वाळवाव्यात, असा त्यांचा दिवस. खळ घालता घालता तेक्ला मोठ्यानं धडा म्हणायची. तिची स्वतःची टोपीही तयार होती. शाळेच्या मुख्य मदर बर्थांच्या कपाटात ती कडक घडी करून ठेवलेली होती आणि ईस्टरनंतर टोपीचा दिवस, म्हणजे शिकून तयार झालेल्या पोरींच्या डोक्यावर नर्सची टोपी ठेवायचा सोहळा, यायचा होता. तेक्लानं एकदा कपाट उघडं दिसलं तेव्हा त्या टोपीला नुसतं बोट लावून पाहिलं, अन् त्यासाठी तिला आठवडाभर भांडी घासावी लागली म्हणे.

ईस्टर सरलं आणि टोपीच्या दिवसाऐवजी गावात पटकी आली. मरीआईचा गाडा शिवेबाहेर घालवून झाला, बोकड कापून झाले, माणसं पडतच राहिली. दूषित पाणी गावच्या विहिरीचंच होतं. शेवटी पटकीनं गळालेल्या बायका बैलगाडीत घालून लोक मिशनच्या दारात आणून सोडू लागले, आणि भीतीनं मागं न बघता परतू लागले.

मदर बर्था लांबच्या देशातून आलेल्या. मराठी पुस्तकी, शिस्त पोलादी. त्यांनी पोरींना रांगेत उभं केलं आणि विचारलं, "पटकी कशी जाते, तेक्ला?"

"हातातून तोंडात, मदर."

"म्हणून काय करावे?"

"हात धुवायचे. रुग्णाच्या हातचं खायचं नाही, प्यायचं नाही."

"हे विसरशील तर मरशील," मदर म्हणाल्या. त्या उगाच घाबरवणाऱ्या बाई नव्हत्या.

पटकीत माणूस कोरडा पडून जातो. घोटघोट पाणी पोटात गेलं तर वाचतो. रोज पहाटे मिठाचं उकळलेलं पाणी या रांजणात भरलं जाई. आधी गावातली एक गुरवीण येऊन बायकांना ते पाजायची. तिच्याच घरात पटकी शिरली आणि ती येईनाशी झाली. मग तेक्लानं वाटी हातात घेतली, आणि एकामागून एक तोंडं भिंतीकडं वळली. औषधाची पुडी तिच्या हातची चालायची, कारण पुडी कोरडी. पाणी चालायचं नाही, परधर्माच्या मदर-सिस्टरांच्या हातचंही नाही! माणसाचं शहाणपण कुठं कुठं जाऊन बसतं, पाहा.

कोपऱ्यात एक लेकुरवाळी बाई होती. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. "सासरी कळलं तर पोराजवळ येऊ द्यायची न्हाईत मला," एवढंच ती पुटपुटली. त्याच संध्याकाळी ती गेली. तिला पांढऱ्या चादरीत गुंडाळताना तेक्लाच्या हातात अजून तीच भरलेली वाटी होती म्हणतात.

तेक्लाची वर्गमैत्रीण रेजिना तिला म्हणाली, "अगं, गुरविणीनं भरलंय म्हणून सांग ना. मरणाऱ्याला खरं कशाला पाहिजे?" तेक्लालाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती वाटी घेऊन दाराजवळच्या खाटेपाशी गेली. तिथं भिवराबाई होत्या, पाटलाच्या घरची थोरली बाई, गावात जिच्या शब्दाबाहेर सून पाऊल टाकत नसे. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी सुरकुतलेली, पण नजर तीच.

"कुनी भरलं गं पानी?"

गुरविणीचं नाव तेक्लाच्या जिभेवर आलं होतं, पण ते बाहेर पडेना. "मीच भरलं, आजी," ती म्हणाली.

"कुनाची तू?"

"पगारे मास्तरांची."

भिवराबाईंनी तोंड फिरवलं.

त्या पहाटेनंतर तेक्लानं पाणी सोडलं. नवस बोलली नाही, कुणाला सांगितलं नाही. रांजण भरायची, वाटी घेऊन खाटेखाटेशी जायची, नकार ऐकायची, वाटी झाकणावर उपडी ठेवायची. वैशाखाचं ऊन, पत्र्याचं छप्पर, आत उलट्यांचा वास, आणि दिवसभर त्या पाण्यात बुडालेले हात. पण ओठांना थेंब नाही. तिचे ओठ फुटले तेव्हा कुठं मदर बर्थांच्या ध्यानात आलं. त्यांनी स्वतः पेला भरला आणि हुकूम सोडला, "पी. तू पडलीस तर यांना कोण बघणार? आज्ञा मोडलीस तर टोपी मिळणार नाही."

तेक्लानं पेल्याकडं पाहिलं. तिला तो हवा होता, खोटं कशाला बोला. "मदर, टोपी राहू द्या," ती म्हणाली. "माझ्या हातचं पाणी यांना विटाळाचं वाटतं. मीच भरलेलं ते पाणी मी कोणत्या तोंडानं पिऊ? यांच्यातल्या कुणी दिलं तर पिईन."

याहून बारीक कारणासाठी मदरनी पोरी घरी धाडल्या होत्या. त्या दिवशी मात्र त्यांनी पेला खाली ठेवला. त्या चॅपलमध्ये गेल्या आणि क्रुसाखाली गुडघ्यांवर बसून राहिल्या. त्यांनीही मग पाणी घेतलं नाही असं सांगतात.

खाटेवरून भिवराबाई हे सारं पाहत होत्या. दुखणेकऱ्याला दुसरं काम काय? सकाळी तेक्ला परत वाटी घेऊन आली तेव्हा त्यांनी विचारलं, "पोरी, तू का गं पीत न्हाईस?"

"माझ्या हातचं आहे ना, आजी."

 भिवराबाईंनी डोळे मिटले, पण पापण्या हलत होत्या.

दुपारच्या प्रार्थनेची घंटा झाली. घंटा ऐकली की पोरींनी असतील तिथं उभं राहायचं, असा नेम. तेक्ला खाली बसून फरशी पुसत होती. ती उठायला गेली आणि भिवराबाईंच्या खाटेशी कोसळली. वॉर्डात दुसरं कुणी नव्हतं. बायका बघत राहिल्या. एकीनं हाक मारायचा प्रयत्न केला, आवाज फुटला नाही.

आणि मग, म्हणे, जिला कुशीवर वळता येत नव्हतं ती भिवराबाई खाटेवरून खाली उतरली. उतरली कसली, घसरली. कोपरांवर सरकत सरकत रांजणापाशी गेली. रांजण पुरलेला होता म्हणून तिचा हात पोचला. झाकण सारून तिनं वाटी बुडवून भरली. घसा तिचाही जळत होता, पाणी तोंडापासून वितभर होतं. तिनं ती वाटी आपल्या ओठांना लावली नाही. तशीच फरशीवरून पुढं सरकवत तेक्लापर्यंत आणली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"पी गं बाई," ती म्हणाली. "माज्या हातचं तरी चालंल ना तुला?"

तेक्लानं डोळे उघडले. समोर वाटी होती आणि वाटीच्या काठावर भिवराबाईंची बोटं, पाण्यात बुडालेली. पटकीनं सुरकुतलेली, न धुतलेली बोटं. खळ घालता घालता घोकलेला धडा तिला अक्षर न् अक्षर आठवत होता. हातातून तोंडात. नको म्हणायला एवढं कारण पुरेसं होतं, आणि कारणही खरं होतं. पण तिनं तोंड फिरवलं असतं तर म्हाताऱ्या बाईला काय दिसलं असतं? तेच, जे तेक्लानं गेले दोन-तीन दिवस खाटेखाटेशी पाहिलं होतं. मरणाच्या दारातून सरपटत आलेल्या हाताला तिला नाही म्हणवेना.

ती प्यायली.

अर्धी वाटी उरली. भिवराबाईंनी त्या उष्ट्या पाण्याकडं क्षणभर पाहिलं, आणि उरलेलं एका दमात पिऊन टाकलं. मग आजवर भिंतीकडं तोंड फिरवणाऱ्या बायकांवर त्या गावात ओरडायच्या तशा ओरडल्या, "बघताय काय? हात फुडं करा!"

तेक्ला उठली. त्या दुपारी सगळा वॉर्ड तिच्या हातचं पाणी प्यायला. मिशनची विहीर तळाला गेली होती, रांजणात पहाटेचंच पाणी होतं, आणि तरीही दिवे लागेपर्यंत ओगराळं तळाला टेकलं नाही असं सांगतात. खरं-खोटं देव जाणे. आम्हाला विचाराल तर त्याहून मोठा चमत्कार आधीच होऊन गेला होता. घसा जळत असताना एका बाईनं भरलेली वाटी दुसरीला दिली, आणि दुसरीनं आपलं मरण ओळखूनसुद्धा ती घेतली. आमच्या अंगावर काटा येतो तो इथं.

त्या बायका वाचल्या. तेक्लाला पटकीनं गाठलं. मदर बर्था तिच्या उशाशी होत्या आणि पाणी पाजत होत्या त्या भिवराबाई. मदरनी कपाटातून टोपी आणवली. तेक्ला म्हणाली, "मी आज्ञा मोडली, मदर." मदरची पुस्तकी मराठी आणि पोलादी शिस्त तिथं वितळली. "तू पाळलीस गं," एवढंच त्या म्हणू शकल्या. टोपी तिच्या डोक्यावर ठेवली तेव्हा तेक्लाला शुद्ध होती की नव्हती, यावर आजही सांगणाऱ्यांचं एकमत नाही. आपण होती म्हणू या. पहाटेच्या घंटेआधी ती गेली.

बऱ्या होऊन भिवराबाई घरी गेल्या. वाड्यात त्यांचं ताट वेगळं मांडलं गेलं म्हणतात. तेव्हा त्या मिशनमध्ये परत आल्या आणि मरेपर्यंत या दारात बसून आल्यागेल्याला पाणी देत राहिल्या.

आजही टोपीच्या दिवशी पहिली टोपी रांजणाच्या झाकणावर ठेवतात. शिकणाऱ्या पोरी पहाटेपासून पाणी घेत नाहीत. कोरड्या ओठांनी प्रत्येक पोर एकेका रुग्णाच्या खाटेशी जाते, साबण-पाण्यानं त्याचे हात धुते, बोट न् बोट, नखांसकट, आणि स्वच्छ कपड्यानं कोरडे करते. तेक्लानं घोकलेला धडा असा पाळला जातो. मग ती गुडघ्यांवर बसते आणि तो रुग्ण, कोण कुठला, कुणाचा, त्याच धुतलेल्या हातानं तिला पाणी पाजतो. अर्धी वाटी ती पिते. उरलेली तो पितो. त्यानंतरच तिला टोपी मिळते.

आणि एरवीही, उन्हातून आलेला कुणी या दारात उभा दिसला की आतून एखादी पोर हातातलं काम टाकून येते, ओगराळं बुडवते, वाटी पुढं करते. तुम्हीही ती घ्या. घोट घेण्याआधी तिला 'तू कुणाची' एवढं मात्र विचारू नका. तो प्रश्न या दारात शेवटचा भिवराबाईंनी विचारला.