लाल सायकल आणि दुसरा भाग

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावचं वाचनालय सांभाळणारा एक ग्रंथपाल होता. गावाबाहेर, चढावर, एक लहानशी वस्ती होती. दर मंगळवारी ग्रंथपाल सायकलच्या कॅरिअरला पुस्तकांची पेटी बांधून तिथे जाई. वस्तीतली माणसं वाचून झालेली पुस्तकं मांडीवर घेऊन ओट्यावर त्याची वाट बघत.

एके दिवशी त्याची जुनी सायकल मोडली ती मोडलीच. तो सायकलच्या दुकानात गेला.

"चालवणार कुठे?" दुकानदाराने विचारलं.

"रोज कामावर, मंगळवारी वस्तीवर. आणि रविवारी मित्रांबरोबर धरणापर्यंत, हौस म्हणून."

"मग ही घ्या," दुकानदाराने एक करडी सायकल पुढे काढली. "टायर फार जाड नाहीत, फार बारीकही नाहीत. चढाला गिअर आहेत, मागे कॅरिअर आहे. कामाला होईल आणि फिरायलाही."

ग्रंथपालाला पटलं होतं. पण रविवारचे दोन मित्र सोबत आले होते ना! त्यातला एक हसून म्हणाला, "हिला दुधाचे कॅन कधी अडकवणार?" झालं. आमच्या ग्रंथपालाने शेजारची लाल, बारीक टायरची, नुसती पळायला केलेली सायकल घेतली. तिला कॅरिअर नव्हतं आणि बसवताही येत नव्हतं.

रविवार झोकात गेला. मंगळवारी पेटी कशावर बांधायची हा प्रश्न आला, तेव्हा त्याने खांद्याच्या पिशवीत चार पातळ पुस्तकं घातली आणि निघाला.

वस्तीत एक निवृत्त शिक्षिका राहत. पाय अधू झाल्याने त्यांना घराबाहेर पडता येत नसे. एका जाडजूड कादंबरीचा पहिला भाग त्यांनी नुकताच संपवला होता.

"दुसरा आणलात?"

"तो कुणीतरी नेलाय, बाई."

हे साफ खोटं होतं. दुसरा भाग वाचनालयाच्या कपाटात जागचा हलला नव्हता.

"मग पहिला राहू दे माझ्याकडे. तोवर पुन्हा वाचीन," बाई म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. बाई म्हणाल्या, "महिनाअखेरीला लेक मला कायमची तिच्याकडे नेणार आहे. त्याआधी मिळाला असता तर बरं झालं असतं. पण ज्याने नेलाय त्याला घाई करू नका हं. वाचू दे निवांत."

ग्रंथपालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खरं बोलायला जीभ रेटेना.

त्या रविवारी तो धरणावर गेला नाही. सोमवारी लाल सायकल परत करून करडी घेतली. मंगळवारी पेटी भरली, सगळ्यात वर दुसरा भाग ठेवला आणि चढ चढून बाईंच्या दारात उभा राहिला.

दाराला कुलूप होतं. लेक ठरल्यापेक्षा आठ दिवस आधीच येऊन त्यांना घेऊन गेली होती.

शेजारणीने वर्तमानपत्रात गुंडाळलेला पहिला भाग आणून दिला. "बाई सांगून गेल्यात, दुसरा भाग ज्याने नेलाय त्याला हा नक्की द्या म्हणून. बिचाऱ्याला गोष्ट मधूनच वाचावी लागली असेल, म्हणाल्या. कोण वाचतंय हो तो?"

ग्रंथपालाची मान वर होईना. "कुणी नाही. कपाटातच होता. माझ्या सायकलवर पेटी बसत नव्हती, म्हणून खोटं बोललो."

शेजारीण पेटीतलं एक पुस्तक घेऊन आत गेली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

लेकीचा पत्ता मिळवून त्याने दोन्ही भाग टपालाने पाठवले आणि सोबतच्या चिठ्ठीत सगळं खरं लिहिलं. उत्तर आलं नाही. ते का आलं नाही, हे विचारायला त्याला तोंड नव्हतं.

तात्पर्य: एखादी वस्तू निवडताना तिच्यामुळे आपण कसे दिसू हे नंतर बघावं, आपल्या वाटेकडे कोण डोळे लावून बसलंय, ते आधी बघावं.