मधली खुंटी

भांडी आपापसांत बोलत, त्या काळातली गोष्ट. एका तांबटाच्या पडवीत काशाची लहानशी घंटा राहत होती. तांबे आणि कथील एकत्र वितळून ती जन्मली होती.

तांब्याचा हंडा म्हणे, “आमच्यात बसायचं तर ते कथील काढून ये, पोरी!” कल्हईसाठी आणलेली कथलाची कांडी म्हणे, “आधी तांबं टाक, मग आमची!”

टोमण्यांना कंटाळून घंटा मूसआजीकडे गेली. याच मातीच्या मुशीत तिचे धातू वितळले होते.

“आजी, मला वेगळी कर. कुणा एकाची तरी होऊ दे.”

“करते की. पण आधी त्या दोघांना धडकून ये.”

घंटा हंड्याला धडकली. तो नुसताच ठप्प वाजला. कांडीला धडकली, ती तेवढीही बोलली नाही. घंटा मात्र दोन्ही वेळा अशी खणखणली, की समोरच्या उतारावरच्या गाईंनी चरता चरता माना वर केल्या.

“काय गं, काढू का कथील?” आजीने हाक दिली.

“नको आजी, काहीच काढू नकोस!”

मग ती ताठ मानेने पडवीतल्या खुंट्यांकडे वळली. “हंडेमामा, कथीलआत्या, जरा सरका. मला मधली खुंटी हवी.”