सिंहासनाखालची मधुमालती

एका राज्यात झोप फक्त एकाच जागी मिळत असे. राजवाड्याच्या आतल्या चौकात मधुमालतीची एक जुनी वेल होती, तिच्या मांडवाखाली. मांडवाबाहेर माणूस आडवा होई, डोळे मिटी, कूस बदली आणि पुन्हा उठून बसे. मांडवाखाली पाठ टेकली की घोरू लागे. म्हणून सगळ्या नगराच्या पाळ्या लागत. आज सुतारआळी, उद्या तांबटआळी. डोळा लागतो न लागतो, तोच पुढच्या पाळीचा माणूस खांदा हलवून म्हणे, "उठा पाव्हणं, आम्हीपण माणसंच आहोत."

हे असं का झालं ते आधीच सांगून टाकू, म्हणजे पुढे अडायला नको. धूम्रनाथ नावाचा मांत्रिक एकदा लांबची वाट चालून आला. वेलीखालचा गारवा पाहून त्याने अंग टाकलं. पहारेकऱ्यांनी त्याला भाल्याच्या दांड्याने ढोसून उठवलं. "राजाची वेल आहे ही, धर्मशाळा नव्हे." दमल्या माणसाला असं उठवू नये, आणि मांत्रिकाला तर मुळीच नाही. तो डोळे चोळत उभा राहिला नि म्हणाला, "मग या राज्यात झोप याच वेलीखाली येईल, दुसरीकडे कुठेही नाही. आणि वेल वाळली की तीही जाईल." एवढं बोलून तो चालू लागला.

त्या गोष्टीला खूप वर्षं लोटली. न निजलेलं राज्य कसं चालतं म्हणाल, तर चालतं. पण पाय ओढत. हलवाई पेढ्यांत मीठ घाली आणि गिऱ्हाईक ते मुकाट खाई. न्हावी अर्धी दाढी करून वस्तरा हातात धरून उभाच राही. एका कापडवाल्याने स्वतःच्या डोक्यावरचं पागोटं मापून विकलं, आणि वर म्हणाला, "माल जरा हाताळलेला वाटेल, पण पोत बघा." भांडणंसुद्धा धड होत नसत. शिवी अर्ध्यावर आली की देणारा विसरे, समोरचा कोण ते.

अशा राज्याचा राजा मेघकर्ण. त्याची राणी लवंगिका, आणि त्यांची लहानगी लेक एला. आईचं नाव लवंगेवरून, लेकीचं वेलदोड्यावरून. राणीचं माहेर मसाल्याच्या व्यापाऱ्याचं, हे असं नावांतूनच दरवळे.

आणि एके वर्षी वेल वाळू लागली. बुंध्याला कीड लागली, फांदीमागून फांदी करडी पडली, मांडव आक्रसत गेला. आधी नगराच्या पाळ्या बंद झाल्या, मग दरबाराच्या. शेवटी एकाच जिवंत फांदीखाली एलेच्या पाळण्यापुरती जागा उरली. तिथेही पोरीला पूर्वीची झोप येईना. ती डुलकी घेई, दचकून उठे. जेवणाला तोंड फिरवी. तिचे हात काडीसारखे झाले. राजवैद्य नाडी धरून बसले आणि नाडी मोजायची विसरले. राणीला एवढंच कळलं, की वेल गेली तर लेक जाईल.

ती एकटी निघाली आणि राज्याच्या टोकाला टेकडीवर धूम्रनाथाच्या झोपडीत पोचली. मांत्रिक उंबऱ्यावर बसला होता. त्याचे डोळे लालभडक होते.

"नाथबाबा, शाप मागे घ्या," राणी म्हणाली.

"सुटलेला शाप मागे येत नाही, राणीसाहेब. येत असता तर माझी ही दशा असती?"

"आपणही जागे?"

"रागाच्या भरात हद्द घालायची राहून गेली. ही टेकडीही याच राज्यात मोडते."

राणीला हसू आलं, पण हसण्याचं त्राण नव्हतं. ती त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसली.

"उपाय आहे," मांत्रिक म्हणाला. "या वेलीची लेक राजवाड्याबाहेर, परक्याच्या दारावर चढून फुलली पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टी मिळवा. अशी काडी, जी कोवळी नाही आणि जूनही नाही. अशी माती, जी पाणी पिते पण साठवत नाही. आणि असा अंधार, जो कुणी उघडत नाही."

"तिन्ही मिळवीन."

"पहिल्या दोन मिळतील. तिसरी तुमच्या राज्यात कठीण आहे."

राणी परतली. वेलीत पानं शिवून घरटं केलेली एक शिंपीण पक्षीण राहत होती. ती माणसासारखं बोले, आणि जरा जास्तच बोले. राणीने तिला काडीचं विचारलं.

"पोपटी फांदी कुजते, करडी फांदी वाळते," शिंपीण म्हणाली. "मधली घे. वाकवली तर वाकेल, पण सुतळीसारखी लोळणार नाही. डोळे असतील अशी घे. डोळा म्हणजे पान फुटतं ती गाठ, बाईसाहेब. नाहीतर शोधत बसशील पापण्या."

काडी मिळाली. मातीसाठी राणीने नदीची रेती आणली, झाडाखालचा कुजलेला पाला आणला, बागेतली तांबडी माती चाळली. मिसळून मूठ आवळली की गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा, इथवर ती मळत बसली. माती मिळाली.

आता लावायचं. पहिल्या खेपेला माळ्याने काड्या उलट्याच खोचल्या, शेंडा जमिनीत आणि बुडखा आभाळाकडे. त्याला बोलण्यात अर्थ नव्हता, त्या बिचाऱ्याचा उभ्या उभ्या तोल जात होता. दुसऱ्या खेपेला राणीने स्वतः लावल्या, सुलट, डोळा मातीत गाडून. त्याही मेल्या. तिसऱ्या खेपेच्याही मेल्या.

काय होत होतं, ते शिंपिणीने पाहिलं. ज्या राज्यात कुणी निजत नाही, तिथे हातांना काम लागतं. पहाटे प्रधान यायचे, काडी हळूच उपसायचे, मुळं फुटली का बघायचे, पुन्हा खोचायचे. मग सेनापती. मग स्वयंपाकीण, पिठाच्या हाताने. आणि सर्वांत जास्त वेळा खुद्द राजा.

"महाराज, आपणही?" राणीने विचारलं.

"नुसतं बघितलं ग. पोरीचा जीव आहे त्यात, बघू नको?"

"बघून बघून मारलीत."

रागावण्याइतकी ताकद कुणातच नव्हती. खरं सांगायचं तर राणीनेही एकदा माती उकरली होती. धीर धरायला झोप लागते, आणि तीच नव्हती.

आता वेलीवर ती एकच जिवंत फांदी उरली, पाळण्यावरची. राणी कात्री घेऊन तिच्याजवळ गेली आणि तिचा हात थांबला.

"तोडू नकोस," शिंपीण घरट्यातून म्हणाली. "लेकराला आधी पाय फुटू देत, मग आईपासून तोड. फांदी वाकव. एका डोळ्याखाली साल जराशी खरवड. तेवढा भाग मातीत दाब, शेंडा बाहेर ठेव. आई वरून पाजत राहील, लेक खालून मुळं धरील."

"आणि लोक उपसतील."

"तो तुझा प्रश्न. तू व्यापाऱ्याची लेक ना? माल कुठे ठेवला म्हणजे कुणी हात लावत नाही?"

राणीने विचार केला. त्या राज्यात एक रीत होती. राजा जिथे बसेल तेच सिंहासन, आणि तो आपणहून उठेपर्यंत त्याच्या आसनाला कुणी हात लावायचा नाही, की उठा म्हणायचं नाही. मेघकर्णाच्या आजोबांच्या वेळी दरबाराला आग लागली होती. लोक चहूकडून पाणी ओतत राहिले, पण उठा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. शेल्याला धग लागली तेव्हा म्हातारबुवा स्वतःच उठले.

राणीने फांदी वाकवली, साल खरवडली, मातीत दाबली, वर सपाट दगड ठेवला. शेंडा एका काठीला बांधून उभा केला. मग चार भोई बोलावून सिंहासन आणवलं आणि बरोबर त्या दगडावर मांडलं.

"महाराज, बसावं."

"इथे? चौकात?"

"पाय दुखतात ना? बसा."

राजा बसला. बसल्यावर त्याला समजलं, आणि त्याने खाली वाकून बघायचा प्रयत्न केला. आपल्याच बुडाखालचं कुणाला दिसत नाही.

"खाली काय चाललंय?" तो कासावीस होऊन म्हणाला.

"राज्य चाललंय," राणी म्हणाली. "उठायचं नाही. अगदीच उठावं लागलं, तर मी येऊन बसेन, मग उठायचं."

दरबार चौकात भरू लागला. प्रधान सिंहासनाभोवती मांजरासारखे घोटाळत, पण पुढे सरकत नसत. रोज सकाळी राणी झारी घेऊन येई आणि राजाचे पाय धुई. लोक म्हणत, राणीसाहेबांची काय ही भक्ती! पाणी राजाच्या पायांवरून ओघळे, मातीत मुरे, दगडाखाली जाई. राजाच्या टाचा चिरल्या, तरी तो बसून राहिला. ऊन चढलं तरी बसून राहिला. पाळण्यातून एला विचारी, "बाबा, तुम्ही रोज इथेच का?" तो म्हणे, "तुझ्यासाठी अंधार राखतोय, बाळ."

आणि एके दिवशी काठीला बांधलेल्या शेंड्यावर तांबूस नवी पालवी आली. शिंपीण ओरडली, "पाय फुटले! खाली पाय फुटल्याशिवाय वर एवढी हिंमत येत नाही!"

राजा उठला. दगड काढला. खाली पांढरी मुळं मातीला घट्ट धरून होती. दरबार वाकून वाकून बघू लागला. राणीने कात्री घेतली, आणि तेव्हा राजाने तिचा हात धरला.

"ही तोडली की पाळण्यावर काही उरणार नाही."

"ठाऊक आहे."

"चार डुलक्या घेते पोर, त्याही जातील. इथेच लावू. आपल्याच चौकात."

"परक्याच्या दारावर, असं सांगितलंय. आपल्या चौकात लावली तर ही एला निजेल, आणि वेल म्हातारी झाली की पुढची एला जागी राहील."

राजाने हात सोडला. राणीने फांदी तोडली. पाळण्यात पोर रडू लागली, आणि राणी मुळांचा गड्डा पदरात घेऊन वाड्याबाहेर पडली. मागे वळली असती तर गेली नसती, म्हणून वळली नाही.

वेशीबाहेर गोजरा नावाची मोळीविकी राहत असे. तिच्या झोपडीला दार होतं, दारावर काही नव्हतं.

"गोजराबाई, ही वेल लावून घे."

गोजराने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घरात लेकरू जागं ठेवून माझ्या दारी वेल? डोकं ठिकाणावर हाय का, राणीबाई?"

"नाही. कुणाचं आहे?"

"त्ये बी खरं." गोजराने खड्डा केला, मुळं मोडू न देता वेल बसवली, दाराच्या बाजूला दोन काटक्या उभ्या केल्या. "आता रोज येऊन बघू नका. माझ्या कामात मोडता येतो."

"नाही येणार," राणी म्हणाली, आणि गेली.

ते दिवस सर्वांत लांब होते. मांडव नाही, डुलकी नाही. एला आता रडतही नव्हती, नुसती टक लावून पडे. राजा आणि राणी पाळण्याच्या दोन बाजूंना बसून राहत. गोजरा सकाळी रानात जाई, संध्याकाळी मोळी टाकून वेलीला तांब्याभर पाणी घाली आणि तिच्याकडे ढुंकूनही बघत नसे. वेल काटक्यांवर चढली, चौकटीवर चढली, छपराच्या वाशाला तिने मिठी घातली.

मग एका संध्याकाळी गोजराच्या दारावर एक कळी उमलली. मधुमालतीचं फूल उमलतं तेव्हा पांढरं असतं, उद्या गुलाबी होतं, परवा लाल. ते पांढरं होतं तेवढ्यातच गोजरा उंबऱ्यावर मोळी टेकावी तशी मान टेकून घोरू लागली. झोप वेशीतून आत आली. तांबट हातोडा उगारलेला खाली ठेवून निजला. न्हावी निजला, गिऱ्हाईक निजलं. पहारेकरी भाल्याला टेकून निजले. चोर भिंतीवर चढले होते, ते भिंतीवरच निजले. टेकडीवर धूम्रनाथाने जांभई दिली आणि आडवा झाला. राणी राजाला काहीतरी सांगत होती, ते वाक्य तिने पुरं केलंच नाही.

सूर्य डोक्यावर आला तरी नगर निजलेलं होतं. सगळ्यांत आधी जागी झाली ती एला.

"भूक," ती म्हणाली.

राजाने डोळे उघडले. राणी पाळण्याच्या खांबाला टेकून निजली होती, तोंड किंचित उघडं. पाकशाळेत सगळे निजलेले. राजा अनवाणी गेला. तांदूळ कुठे असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. बरीच मडकी उघडली तेव्हा सापडला. भात खाली लागला. त्यावर दूध ओतून, वाटी घेऊन, राजा पाळण्याजवळ खाली जमिनीवर बसला आणि पोरीला घास भरवू लागला.

"करपलाय," एला मोठ्याने म्हणाली.

"हळू बोल," राजा म्हणाला. "आई निजलीय."

तिने वाटी चाटून पुसून संपवली. पुढे त्या राज्यात दारोदारी मधुमालती चढली आणि जो तो आपल्या घरी निजू लागला. सांगणाऱ्याचेही डोळे आता जड झालेत, ऐकणाऱ्यांनीही निजावं.