तांबटणीचा गहू

नदीकाठच्या एका गावात एक रीत होती. गहू पिकायला आला की पंच शिवारभर फिरत आणि सगळ्यांत उत्तम शेत निवडत. पुढच्या पेरणीला सारे गाव तिथलेच बी वापरी, आणि त्या बियाला त्या शेतकऱ्याचे नाव मिळे. नऊ वर्षे हा मान हैबतरावांकडे होता. आता नऊ वर्षे मान मिळाल्यावर माणूस थोडा फुगणारच!

दहाव्या वर्षी त्यांनी शेतात शेणखताचे ढीगच्या ढीग ओतले. गहू कमरेएवढा झाला. पण पानांची टोके पांढरी पडून पिळवटली. हैबतरावांनी एक ओंबी तळहातावर चोळली. हातात नुसते भूस राहिले. दुसरी चोळली, तीही पोचट. ते ओंब्या चोळत शेतभर फिरले.

भरली होती ती फक्त बांधालगतची एक पट्टी. तिथे भिवरा तांबटीण चिंच-राखेने तांब्याची भांडी घाशी आणि ती धुतल्याचे पाणी शेतात सोडी. "माझी जमीन नासवू नकोस," म्हणून हैबतराव तिच्यावर कितीदा तरी ओरडले होते.

पंच आले ते नेमके त्याच बांधावर थांबले. टपोरे दाणे पाहून म्हणाले, "राव, यंदाही तुमचंच बी!"

हैबतरावांनी नुसती मान डोलावली असती तरी भागले असते. पण खोटा मान त्यांच्या घशाखाली उतरेना. त्यांनी पंचांना शेताच्या मधोमध नेले आणि त्यांच्यादेखत चार ओंब्या चोळून दाखवल्या.

"शेत माझं पोचट गेलं. जे पिकलं, ते भिवराबाईच्या पाण्यावर."

बांधावर भांडी घासत बसलेली भिवरा ताठ उभी राहिली. "आमच्या भट्टीमागचा गहू कधीच पोचट जात न्हाई, राव. पिकाला तांबं मिठासारखं. चिमूटभरच लागतं, पण त्याच्याबिगर बाकीचं समदं अंगी लागत न्हाई."

खरेच होते ते. ढीगभर खताने मातीतले जरासे तांबे धरून ठेवले होते, आणि त्यावाचून पिकाने खाल्लेल्या अन्नाचा दाणा होत नव्हता.

गावाने त्या पट्टीतले बी घेतले. थोडेच होते, घरटी ओंजळभर. पंचांनी विचारले, "नाव काय द्यायचं?"

"तांबटणीचा गहू!" हैबतराव साऱ्या गावाला ऐकू जाईल असे म्हणाले. नऊ वर्षांत त्यांना स्वतःचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

तात्पर्य: चिमूटभर उणे पडले तर ढीगभर असलेलेही वाया जाते, म्हणून लहानाची किंमत ओळखावी आणि ती चारचौघांत बोलून दाखवावी.