साळुंकीचे कठीण शब्द

माळावरच्या शाळेला अजून कौलं होती, तेव्हाची गोष्ट. शाळेच्या खिडकीलगतच्या उंबराच्या ढोलीत एक साळुंकी राहायची. वरच्या वर्गातले कठीण इंग्रजी शब्द ऐकून ऐकून तिला अर्थासकट पाठ झाले होते, आणि आपलं एकुलतं पिल्लू तिनं त्यांच्यावरच वाढवलं.

साप दिसला की साळुंक्या चर्र-चर्र अशा कर्कश ओरडतात. ती ओरड ऐकली की सगळा थवा चोची परजून धावून येतो. पिल्लू एकदा तसं ओरडलं, तेव्हा साळुंकीनं त्याला टोचलं.

"ही गावंढळ ओरड पुन्हा नको. संकटाला चांगला शब्द आहे, कॅटॅस्ट्रॉफी. म्हण."

पिल्लू शिकलं.

एका दुपारी थवा नांगरलेल्या शेतात किडे टिपत होता. उंबरावरून स्पष्ट आवाज आला, "कॅटॅस्ट्रॉफी."

सगळ्यांनी माना वर केल्या. "काय गोड बोलतं गं तुझं पिल्लू," शेजारीण म्हणाली. "अर्थ काय त्याचा?"

"महासंकट," साळुंकी अभिमानानं म्हणाली. "अर्थही येतो हो त्याला."

शब्द पुन्हा आला, मोठ्यानं. मग आणखी एकदा, घाईघाईनं, पण उच्चार अगदी बिनचूक. मग उंबर गप्प झाला.

"थांबा," साळुंकी म्हणाली, "आता पुढचा शब्द म्हणेल."

उंबराच्या मागच्या बाजूनं पोट फुगलेली धामण सावकाश उतरून गेली. साळुंकी अजून कान देऊनच होती.