गाढवाचा पोळा

जनावरं एकमेकांशी उघड बोलायची, तेव्हाची गोष्ट. पोळ्याला बैलाची शिंगं रंगली, पुरणपोळी मिळाली. शेजारच्या कुंभाराच्या गाढवाला कुणी विचारलंही नाही. गाढवच ते, रुसलं ते रुसलंच. चार दिवस गवताला तोंड लावलं नाही, बरगड्या वर आल्या.

पाठीवरचे गोचीड टिपणारा कावळा म्हणाला, "काय रे मूर्खा, मरतोस का आता?"

"मी एवढी माती वाहतो. 'बरं केलंस' म्हणायला कुणाची जीभ झिजते?"

"आणि तुझी? मी रोज तुझी पाठ साफ करतो. कधी म्हणालास?"

गाढव ओशाळलं. "बरं करतोस हो, कावळेदादा."

कावळा असा फुलला की पाठीवरच नाचायला लागला. गाढवाला गंमत वाटली. मग ते रोज कुणाला ना कुणाला तसं म्हणू लागलं. कधी सावलीच्या लिंबाला, कधी हौदातल्या पाण्याला. त्याची भूक परतली, झोप लागू लागली.

एकदा ते बैलाला म्हणालं, "तू राबतोस म्हणून मलाही कडबा मिळतो. बरं करतोस, दादा."

बैलाचे डोळे भरले. "पोळा सरला की मला कुणी असं म्हणत नाही रे!"

"अरे, मग रोज मी म्हणतो की!" म्हणत गाढव आनंदानं असं ओरडलं, की कुंभाराच्या चाकावरचं मडकं वाकडं झालं.